पुढील महिन्याचा अभ्यास

मुलांचा अभ्यास मुलांनी करावयाचा असतो, ही गोष्ट तत्त्वतः सर्वांस मान्य आहे. परंतु ज्या घरात आठ-दहा माणसे एकत्र नांदतात, त्या घरात हे तत्त्व पाळले जाणे जवळजवळ अशक्य असते. निबंधाचा विषय घरात आला रे आला की कोणी मुद्दे काढतो, कोणी सुभाषित सुचवितो, कोणी शुद्धलेखन तपासण्याचे पत्करतो. आणि ज्याचा निबंध त्याच्या वाट्यास सुवाच्य अक्षरात नक्कल करण्याचे काम तेवढे उरते. आमच्या घरी या उद्योगाचे मुख्यत्व आमच्याकडे आहे, हे आम्ही आरंभीच कबूल करून टाकतो. निवृत्त माणसाचा शब्द घरात कोणी ऐकत नाही; सातवीतल्या नातवास मात्र तो वहीत उतरवून घ्यावाच लागतो. एवढे सुख या वयात थोडे नव्हे.

नातवाच्या शाळेची एक पद्धत चांगली आहे. दर महिन्याच्या अखेरीस पुढील महिन्यात कोणते पाठ व्हावयाचे आणि कोणता गृहपाठ करावयाचा, याचे एक पत्रक घरोघर येते. येते ते अर्थात सूनबाईंच्या मोबाईलवर. पण त्या ते कागदावर उतरवून स्वयंपाकघराच्या कपाटास चिकटवून ठेवतात. गेल्या पावसाळ्यात असेच एक पत्रक आले. मराठीच्या खाली तीन कलमे होती : आत्मवृत्तपर निबंध, आभारपत्र, आणि वीस वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग. इतिहासाच्या खाली एकच पाठ होता, ‘इतिहासाची साधने : भौतिक, लिखित व मौखिक’, आणि त्यापुढे बाईंनी स्वतः योजलेला गृहपाठ होता. घरातील एखादी जुनी वस्तू अथवा कागद निवडावा; तो कशाचा आहे, कोणी, केव्हा व कोणासाठी केला, हे शोधावे; त्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात; आणि त्यावरून निश्चित काय सांगता येते व केवळ ऐकीव काय आहे, हे दोन निरनिराळ्या रकान्यांत लिहावे.

हे वाचून आम्हांस किती आनंद झाला म्हणून सांगावे! कारण आमच्या दिवाणखान्यात तीर्थरूपांच्या तसबिरीशेजारी काचेच्या चौकटीत एक मोडी कागद लावलेला आहे. ही पेशव्यांची सनद होय, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या मूळ पुरुषाने तोफखान्यात चाकरी करून कोकणातील घर व शेत इनाम मिळविले, त्याचा हा दाखला. कागदाचे डोके अर्ध्यापर्यंत फाटलेले आहे. तेथे म्हणे शिक्का होता, आणि इंग्रजी अमलात कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तो घरच्यांनीच फाडून टाकला. खाली कोपऱ्यात एक बारीकसे चित्र आहे; ती म्हणे तोफ. आमच्या कुळाचा कुलवृत्तान्त १९९६ साली छापला गेला, त्यात आमच्या शाखेची हकीकत लिहिण्याचे काम आमच्याकडे आले होते. तेव्हा आम्ही या सनदेविषयी सव्वा पान लिहिले आहे. मोडी आम्हांस वाचता येत नाही, हे तेथे लिहिण्याचे कारण पडले नाही.

तेव्हा एका दगडात दोन पक्षी, असा विचार करून आम्ही नातवास आज्ञा केली : निबंधाचा विषय ‘पेशव्यांच्या सनदेचे आत्मवृत्त’, आणि इतिहासाचे साधनही तेच. निबंध आम्ही एका बैठकीत सांगितला. सनद बोलू लागली, पुण्याहून घोड्यावर बसून घाट उतरली, इंग्रजांच्या नजरेआड पेटीत दडून बसली. नातवाने तो उतरवून घेतला. त्यात कोठे कानामात्रा चुकला नाही, आणि त्याचा स्वतःचा असा एक शब्दही नव्हता.

इतिहासाच्या गृहपाठाची गोष्ट निराळी निघाली. घरातल्या कागदास एवढे महत्त्व कशासाठी, असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही त्यास जेधे शकावलीची हकीकत सांगितली. शिवछत्रपतींच्या जन्माचे साल बखरींच्या आधारे १६२७ धरले जात असे. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी मिती निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आणि आज महाराष्ट्र सरकारची शिवजयंती याच तारखेस होते. एका घराने जपलेल्या कागदाने तीन वर्षांची चूक दुरुस्त केली. हे सांगता सांगता आम्ही त्यास शकाचे इसवी साल करण्याची रीतही शिकविली : शकात ७८ मिळवावे, मिती वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली, म्हणजे इंग्रजी नवे वर्ष लागल्यानंतरची असेल तर ७९. विद्या शिकविताना ती पुढे कोणावर चालणार आहे, याचा विचार कोण करतो?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा स्टुलावर उभा राहून चौकटीकडे टक लावून पाहत होता. मोडी अक्षर आडव्या रेघेला लोंबकळत, लेखणी फारशी न उचलता लिहिलेले असते, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. सरावाशिवाय ते लागणे कठीण. परंतु मोडीतले आकडे पुष्कळ अंशी बाळबोधीसारखेच असतात. तो खाली उतरला आणि म्हणाला, “आजोबा, पहिल्या ओळीत १७४५ लिहिलंय. त्यात ७८ मिळवले तर १८२३ होतात.”

“बरं मग?”

“पेशवाई १८१८ लाच संपली ना? मग पाच वर्षांनी सनद कोणी दिली?”

आम्ही प्रथम आकडा चुकीचा वाचला असशील म्हणालो. मग काचेवर धूळ आहे म्हणालो. मग काच पुसून स्वतः पाहिले, आणि चार झाला की पाच हा वाद घालण्यासारखाही आकडा नव्हता. शेवटी, जो युक्तिवाद हरणाऱ्या वडील माणसाने करावा तोच आम्ही केला : “हे बघ, बाईंना सनद वाचायची नाही, तुझा निबंध वाचायचा आहे. निबंध चांगला उतरला आहे. तोच दे.”

मुलाने उलट उत्तर दिले नाही. तो एवढेच म्हणाला, “मागची बाजू पण बघायची आहे.” पत्रकात तसे लिहिलेले होते, त्यामुळे आम्हांस नाही म्हणता येईना. रविवारी चौकट खाली उतरविली. मागचा पुठ्ठा काढला. गेली सत्तर वर्षे जी बाजू आमच्या घरात कोणी पाहिली नव्हती, तिच्यावर वरपासून खालपर्यंत लहान लहान नोंदी होत्या, निरनिराळ्या शाईच्या, निरनिराळ्या हातच्या. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी आकडा होता : ५, १२, ७, १५.

मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्याकडे आम्ही नातवासह गेलो. त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि दहा मिनिटांत आमच्या सव्वा पानाचा निकाल लावला. सनदेस माथ्यावर शिक्का हवा आणि अखेरीस मोर्तब हवे. येथे मोर्तबाच्या जागी दोन साक्षी आहेत. हा कागद म्हणजे गहाणखत आहे. आमच्या मूळ पुरुषाने राहते घर गहाण टाकून एका सावकाराकडून दीडशे रुपये घेतले. व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये. मागच्या नोंदी त्या कर्जफेडीच्या. अखेरची नोंद शके १७५६ ची असून तिच्यापुढे ‘बेबाक’ असा शब्द आहे, म्हणजे हिशेब पुरा चुकता झाला. खत फिटले की ते फाडून ऋणकोच्या हाती परत देण्याची चाल होती. डोके फाटले आहे ते त्यामुळे. इंग्रजांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

“आणि ही तोफ?” आम्ही शेवटची आशा धरून विचारले.

ते हसले नाहीत, हे त्यांचे आमच्यावर उपकार. म्हणाले, “हा नांगर आहे. ज्यांना लिहिता येत नसे ती कुणबी मंडळी सहीच्या जागी नांगराची निशाणी करीत. हा तुमच्या पूर्वजाला जामीन राहिलेला आहे. नाव कसरीने खाल्लं, नांगर राहिला.”

वाटेने येताना नातू तोंडी हिशेब करीत होता. दीडशेवर दरमहा तीन रुपये, म्हणजे वर्षास छत्तीस. चार वर्षे आणि दोन महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढे. शके १७४५ ते १७५६, म्हणजे अकरा वर्षे. आम्ही काही बोललो नाही. आमच्या मनात निराळीच गोष्ट घोळत होती. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला आणि पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या काळचे अस्सल पत्र अधिक मोलाचे, हा धडा त्यांनी महाराष्ट्रास घालून दिला, हे आम्ही आजवर किती जणांस सांगितले असेल! आणि आमच्याच दिवाणखान्यात अस्सल पत्र काचेखाली लावून त्याच्यासमोर आम्ही पन्नास वर्षे बखर सांगत बसलो होतो.

रात्री जेवणे झाल्यावर घरात सभा भरली. आमचे धाकटे बंधू स्वभावाने व्यवहारी आहेत. त्यांचे म्हणणे असे की, झाले ते झाले. चौकट पुन्हा भिंतीवर लावावी आणि पोराच्या वहीत सनदच राहू द्यावी. कर्जाचा कागद वर्गात वाचून दाखविण्यात कोणता पुरुषार्थ? आणि कुळवाडी जामीन राहिला होता हे तर मुळीच नको. ज्या कुळांनी कूळकायद्यात आपली जमीन घेतली, त्यांचे आता आभार मानायचे काय? यावर घरातील बहुतेकांनी माना डोलावल्या. खरे सांगावयाचे तर आमचीही मान हलली.

येथे कोकणात जमीन असलेल्या वाचकांस अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. १९४८ चा मुंबई राज्याचा कूळकायदा, आणि त्याच्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा ठरलेला ‘कृषक दिन’; त्या दिवसापासून कसणारे कूळ हे जमिनीचे मालक मानले गेले. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व न्याय्य होते, हे आज आम्हांस बुद्धीने पटते. पण आमच्या घरात ते तत्त्व म्हणून कधीच आले नाही. ‘आपली जमीन गेली’ एवढ्याच तीन शब्दांनी आले, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत त्याच शब्दांनी पोचले.

इतका वेळ काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर वाती वळीत बसल्या होत्या. काकूंचे वय अठ्ठ्याऐंशी. त्या १९५५ साली सून म्हणून घरात आल्या. त्यांना ऐकू कमी येते असा घरात सर्वांचा समज आहे. त्या एकाएकी म्हणाल्या, “घर गहाण होतं हे मला सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.”

आम्ही सर्व त्यांच्याकडे पाहू लागलो. “मग काकू, तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत कशा?”

“तुम्ही पुरुषमंडळी पाहुण्यांना सनद म्हणून दाखवायचात. आम्ही बायकांनी मध्ये कशाला तोंड घालायचं? आणि विचारलं होतंत का कुणी?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. नातू मात्र वही घेऊन त्यांच्या पायाशी जाऊन बसला. पत्रकात मौखिक साधनाचा रकाना होता, आणि तो अजून कोरा होता.

काकूंनी सांगितले ते असे. कर्ज फिटेपर्यंत त्या घरच्या बाईने एकवेळ जेवून दिवस काढले. एका वर्षी भात बुडाले आणि सावकाराचा माणूस दाराशी येऊन बसला, तेव्हा जामीन राहिलेल्या कुळवाड्याने आपला बैल विकून त्या वर्षीचे व्याज भरले. तेव्हापासून दरवर्षी नव्याच्या पौर्णिमेस नव्या भाताची पहिली पायली देवापुढून उचलून त्याच्या घरी पोचवायची, असा नेम झाला. काकूंनी ती दोन वेळा स्वतः भरून दिली. “मग सत्तावन्न साली कायदा आला. जमीन गेली ती त्याच घरात गेली. मामंजींनी रागानं पायली बंद केली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढं पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी आपण पुण्याला आलो, आणि सगळंच सुटलं.”

नातवाने पानशेतचे साल १९६१, म्हणून पुण्यास आल्याचे साल १९६०, असे समासात लिहून घेतले.

धाकटे बंधू उठून आत गेले. आम्ही बसून राहिलो. ज्या घराविरुद्ध आम्ही लहानपणापासून कुरकुर ऐकली, त्या घराचा बैल विकला गेला नसता तर आमचे म्हणून घरच राहिले नसते. आमच्या भिंतीवर टांगलेला खरा मानाचा कागद तोच होता. पण त्यातला मान कोणाचा, हे आम्हांस वाचता येत नव्हते.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. काकूंचे सांगणे सर्वस्वी खरे, असे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही. आणि हे आम्हांस आमच्या नातवानेच दाखवून दिले. त्याने पहिल्या रकान्यात लिहिले : कर्ज, रक्कम, व्याज, अकरा वर्षे, नांगराची निशाणी. दुसऱ्यात लिहिले : एकवेळ जेवणे, बैल, पायली. आणि खाली स्वतःच्या शब्दांत एक टीप जोडली : “काकूआजीला हे तिच्या सासूबाईंनी सांगितले, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. इतक्या तोंडांतून येताना गोष्ट बदलू शकते. पण सनदेची गोष्ट कागदाशी जुळत नाही आणि काकूआजीची जुळते.” या चार ओळींत राजवाड्यांचा धडा जितका आहे, तितका आमच्या सव्वा पानात नव्हता.

मौखिक साधन हा शब्द आम्ही आजवर पोवाड्यापुरताच समजत होतो. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या तोंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, हे आम्ही वाचले होते आणि त्याचे कौतुकही केले होते. परंतु आपल्या घरातही जाते होते आणि त्याच्यापाशी बसणारी बाई अजून जिवंत आहे, हे कौतुक करताना आमच्या ध्यानात आले नाही. बायकांचे बोलणे म्हणजे गप्पा, आणि पुरुषांच्या गप्पा म्हणजे इतिहास, अशी वाटणी सुशिक्षित घरांतून आपोआप होऊन बसलेली असते.

निबंध त्याने पुन्हा लिहिला, आणि या वेळी आम्हांस खोलीत येऊ दिले नाही. ‘गहाणखताचे आत्मवृत्त’ असे त्याचे नाव. भाषा आमच्याइतकी सफाईदार नव्हती. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकले होते, आणि ‘डोंगराएवढे’ कर्ज तीनदा आले होते. परंतु खत फाटताना त्यास दुखले नाही, उलट सुटल्यासारखे वाटले, असे एक वाक्य त्याने लिहिले होते. ते आम्हांस सुचले नसते. बाईंनी किती गुण दिले, हे आम्ही विचारले नाही. म्हणजे विचारले, पण त्याने सांगितले नाही.

पत्रकातले आभारपत्राचे कलम अद्याप बाकी होते. बहुतेक मुले अशा वेळी मामाने पाठविलेल्या घड्याळाबद्दल आभार मानतात. आमच्या नातवाने काकूंना गावचा पत्ता विचारला, गावी अजून राहणाऱ्या एका भाऊबंदांकडून पक्का करून घेतला, आणि त्या घरास पत्र लिहिले : “आमच्या घरी एक कागद आहे. त्यावर तुमच्या घरातल्या माणसाचा नांगर आहे.” वहीत एक प्रत राहिली, एक टपालात पडली. आम्ही त्यात एक ओळ घालू का म्हणून विचारले, तो म्हणाला, “तुम्ही तुमचं वेगळं लिहा.”

आम्ही आमचे वेगळे लिहिले. कुलवृत्तान्ताची पुरवणी निघावयाची आहे. तिच्या संपादकांस आम्ही कळविले की, १९९६ च्या प्रतीतील सनदेविषयीचा मजकूर आम्ही कागद न वाचता लिहिला होता व तो चुकीचा आहे, सबब खालील मजकूर घालावा. हे पत्र लिहिण्यास आम्हांस चार दिवस लागले. सव्वा पानाची फुशारकी एका दुपारी लिहून झाली होती. तीन ओळींची कबुली मात्र लेखणीतून उतरेना. धाकट्या बंधूंस ते दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि परत देताना म्हणाले, “बैलाचं पण लिही. ऐकीव म्हणून लिही, पण लिही.”

गावाहून अद्याप उत्तर आलेले नाही. ते येईलच असेही नाही. कोणावर उपकार केल्याची आठवण ठेवण्याचे त्या घरास काय कारण? चौकट भिंतीवर पुन्हा लागली आहे. आता तिला दोन्ही बाजूंनी काच आहे, आणि पाहुणे आले की ती फिरवून दाखविण्याचा मान काकूंकडे आहे. नव्याच्या पौर्णिमेस गावी जाण्याचे ठरले आहे. शेत आमचे राहिले नाही, तेव्हा तांदूळ बाजाराचाच न्यावा लागेल. पायली मात्र जुनीच आहे. ती माळ्यावर सापडली.

वाचकहो, आपल्याही घरी असे पत्रक येत असेल. ते आले की मुलास उत्तरे सांगण्याची आपल्याला घाई होते, आमच्यासारखीच. तेवढी एक घाई आवरून पाहावी. माळ्यावरची पेटी काढावी, कागदाची मागची बाजू पाहावी, आणि कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या बाईला विचारावे. कोपऱ्यातली ती खुर्ची फार दिवस भरलेली राहत नाही. काल नवीन महिन्याचे पत्रक आले. मराठीच्या खाली ‘घरातील वडील व्यक्तीची मुलाखत’ असे कलम आहे. नातवाने प्रश्न काढले आहेत, आणि या वेळी आम्ही ते तपासण्यासाठी मागितले नाहीत.